ओला फडका आणि आगगाडी

मॉडेल रेल्वे म्हटले की चर्चा सुरू होते ती इंजिनावर. मग डबे, मग सिग्नल, मग कंट्रोलर. जमीन, डोंगर, झाडे, खाडी, म्हणजे गणपती मंडळाच्या भाषेत ज्याला आपण 'देखावा' म्हणतो, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोपर्यंत पैसे संपलेले असतात आणि सबमिशन डोक्यावर आलेले असते. मग काय, थर्माकोल, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, पुठ्ठ्याची घरे आणि डबाभर फेविकॉल! फेस्टच्या दोन दिवसांत हे सगळे झकास दिसते. एक पावसाळा उलटला की त्याच देखाव्यावर बुरशीची पांढरी लव, कोळ्याची जाळी आणि धुळीचा थर. पुसायला जावे तर भुसा फडक्याबरोबर निघून येतो. म्हणून कोणी पुसतच नाही. आपल्याकडे जुनी प्रोजेक्ट्स ज्या खोलीत टाकतात तिथे एकदा डोकावून बघा, सगळे पुरावे तिथे रचून ठेवलेले आहेत.

आम्हा चौघांना हे परवडणारे नव्हते, कारण आमचे मॉडेल कॉलेजात राहणार नव्हते. ते गडबला जाणार होते.

गडब म्हणजे पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालात की लागते. मी मूळचा तिथला. (पहिल्या वर्षी "गडबचा म्हणजे गडबडीचा का रे?" हा विनोद हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकून झाला आहे, नवा असेल तर सांगा.) एका अंगाला खाडीकडची खारी जमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधून रस्ता आणि रूळ. पनवेल-रोहा हा मध्य रेल्वेचा मार्ग, पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. जवळचे स्थानक कासू. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून धडधडत निघून जातात, आणि पोरे कुंपणापाशी उभी राहून डबे मोजतात. मीही मोजलेत.

तिथल्या एका शाळेने मॉडेल ठेवून घ्यायची तयारी दाखवली. नकाशाचे प्रमाण, विद्युत मंडल, गावाचा भूगोल असे सगळे एका टेबलावर शिकवता येईल म्हणून सर खूश होते. त्यांची अट काहीच नव्हती. अट घातली ती शाळेची साफसफाई बघणाऱ्या मावशींनी. कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेल्या कुठल्याशा जुन्या मॉडेलकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हात नाय लावाचा बोलतान, मंग पुसाचा कसा? तुमचे गाडीला वला फडका चालंल ना?"

आमच्या गाईडसरांनी 'डिझाईन रिक्वायरमेंट लिहून आणा' म्हणून जे दोन आठवडे मागे लावले होते, ते मावशींनी एका वाक्यात दिले. ओला फडका चालला पाहिजे. त्यात आम्ही आणखी तीन गोष्टी घातल्या: मुलांचे हात लागणार, कोकणातला पावसाळा सोसायचा, आणि टेम्पोतून महामार्गावरचे धक्के खात जायचे. ह्या लेखात इंजिनाबद्दल फारसे काही नाही. देखावा कसा केला, आणि तसाच का केला, एवढेच सांगतो.

धूळ नुसती वाईट दिसते म्हणून नको असे नाही

मॉडेल रेल्वेत वीज रुळांतूनच येते. दोन रूळ म्हणजे दोन तारा. त्यांत साधारण १२ व्होल्टचा डीसी, तो चाकांवाटे मोटरला. चाक आणि रूळ टेकतात ती जागा राईच्या दाण्याहूनही लहान. तिथे धुळीचा एक कण आला तरी संपर्क तुटतो, बारीक ठिणगी उडते, आणि ठिणगीमुळे धातूवर आणखी काळे किटण चढते. तेलाचा अंश, धूळ आणि हे किटण मिळून रुळावर जो काळा थर बसतो तो मॉडेल रेल्वेवाल्यांचा जगभरचा शत्रू आहे. हॅम्बुर्गला २००१ साली सुरू झालेले 'मिनिआटुर वुंडरलांट' हे प्रचंड मॉडेल आहे, तिथेसुद्धा धूळ काढणे हे पगारी माणसांचे रोजचे काम आहे.

आता मजा अशी, की ही सगळी धूळ बाहेरून येत नाही. बरीचशी देखाव्यातूनच गळते. भुशाचे कण, थर्माकोलचे मणी, न झाकलेल्या प्लास्टरची पांढरी भुकटी. म्हणजे देखावा टिकाऊ करणे हा सजावटीचा प्रश्न नसून गाडी चालण्याचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिकलच्या मित्राला हे पटले तेव्हा तो पहिल्यांदा ब्रश घेऊन बसला.

ज्यांना असे काम चांगले झालेले बघायचे असेल त्यांनी पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय बघून यावे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. आपण बहुतेकजण तिथे गाड्या बघतो. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवून फक्त जमीन, रस्ते आणि कोपरे बघितले. वेगळेच संग्रहालय दिसते.

पाया

प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो, १५ मीटरचा माड १७२ मिलिमीटरचा. (जाणकारांसाठी: आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो ८७ ने भागला तर १९.३ येतो. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ चा असतो. हा फरक आम्ही गिळला. व्हायव्हात कोणी विचारले नाही.)

आठ बाय चारचे एक प्लाय, मधून दोन तुकडे केलेले. प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' असे तोंडी सांगतो, त्यावर न जाता शिक्का बघावा. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणारा डिंक वापरलेला. आयएस ३०३ मधला साधा एमआर दर्जा कोकणात मॉडेलसाठी घेऊ नये. आणि प्लाय दोन्ही बाजूंनी रंगवायचा, कडांसकट. एकच बाजू रंगवली की उघडी बाजू दमट हवेत फुगते, रंगवलेली फुगत नाही, आणि फळी होडीसारखी वाकते. रूळ वाकलेल्या फळीवर सरळ राहत नाहीत हे सांगायला नकोच.

डोंगर

इथे चार दिवस भांडण झाले. थर्माकोल पहिल्याच दिवशी बाद. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा गणपतीची थर्माकोलची मखरेही गेली, हे कारण आहेच. पण समजा बंदी नसती, तरी थर्माकोल थिनरला विरघळतो, उंदीर कुरतडतात, आणि कडेला बोट लागले की मणी सुटतात आणि चाकाला चिकटतात.

आम्ही सिव्हिलवाले म्हणून फेरोसिमेंटचा मोह फार. कोंबडीजाळी आणि मॉर्टर, शंभर वर्षे हलणार नाही! मग हिशेब केला. डोंगराचे क्षेत्र साधारण एक चौरस मीटर, जाडी १२ मिलिमीटर, घनता २४०० किलो प्रति घनमीटर धरली तर २९ किलो नुसता डोंगर. टेम्पोतून उतरवणार कोण? तोच डोंगर ६ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये सात किलोच्या आसपास बसतो.

पेण तालुक्यात राहून प्लास्टरबद्दल बाहेर शिकायला जायचे म्हणजे समुद्रात राहून मीठ विकत आणायचे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत मोठ्या मूर्तीच्या आतून प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. नारळाचा साधा काथ्या. प्लास्टर दाब सोसते पण ताण सोसत नाही, तडकते. काथ्या तो ताण घेतो. काँक्रीटमध्ये सळई जे करते तेच. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, कारण पाण्यात प्लास्टर लवकर विरघळत नाही. आमच्या डोंगराचे विसर्जन व्हायचे नसल्यामुळे हा दोष आमच्या कामाचाच होता.

कृती अशी. प्लायच्या उभ्या फासळ्या कापल्या. त्यांवर खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी ताणून पिन मारल्या. लोखंडी जाळी नको, प्लास्टरच्या ओलीने गंजते आणि तांबडे डाग वर येतात. जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या पातळ पसरला, वर दुसरा हात नुसत्या प्लास्टरचा. मग थांबायचे. हे थांबणे सगळ्यात अवघड. प्लास्टर अर्ध्या तासात कडक होते, पण कोरडे व्हायला दमट हवेत आठवडा-दीड आठवडा लागतो. आत ओल असताना वरून रंग दिला की रंगाला फोड येतात. सोपी खूण: गालाला लावून बघा, गार लागले तर ओल आहे. आमच्या रूममेटने मला डोंगराला गाल लावलेला बघितले आणि ती गोष्ट मेसपर्यंत गेली.

आकाराबद्दल एकच गोष्ट सांगतो. गच्चीवर भिंत आणि लादी मिळते तिथे गवंडी सिमेंटचा गोल उतार काढतो, पाणी साचू नये म्हणून. तसा गोल उतार देखाव्यात प्रत्येक आतल्या कोपऱ्याला हवा. डोंगर जिथे सपाटीला मिळतो, बांध जिथे शेताला मिळतो, तिथे फडका गुंडाळलेले बोट टेकले पाहिजे. बोट पोचत नाही तिथे धूळ कायमची वस्तीला येते. आम्ही करंगळीच्या जाडीचा एक लाकडी तुकडा घासून घेतला आणि ओल्या प्लास्टरवर सगळीकडे तो फिरवला. कातळाच्या कपारी वगैरे सुंदर दिसतात, पण त्या उंचावर आणि मोजक्याच ठेवल्या.

माती, आणि तिच्यातले मीठ

माझा हट्ट होता की जमीन गडबच्याच मातीची व्हावी. रंग डब्यातून मिळतो पण तो रंग तो नसतो. खारीतली सुकलेली माती राखाडी, उन्हात जवळजवळ पांढरी, आणि तिला भेगांची जाळी. ती पिशवीत भरून हॉस्टेलला आणली.

पण खारीची माती म्हणजे मीठ आलेच. मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ह्याच्या वरच असते. म्हणजे खारी माती तशीच वापरली तर जून ते सप्टेंबर ती ओलसर, चिकट राहणार, आणि हिवाळ्यात तेच मीठ पृष्ठभागावर पांढरे फुलून येणार. शिवाय क्लोराईड आणि ओल एकत्र म्हणजे खिळे, वायरी, टर्मिनल सगळ्याला गंज.

म्हणून माती धुतली. बादलीत माती, वर पाणी, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे. किती वेळा? इथे केमिस्ट्रीची लॅब कामाला आली. वरचे निवळ पाणी परीक्षानळीत घ्यायचे, दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. पांढरा साका आला म्हणजे क्लोराईड शिल्लक आहे. पहिल्या पाण्याला तर दह्यासारखा साका येतो. धुताधुता तो कमी होत नुसती धुरकट छटा राहते, मग तीही जाते. धुवायला नळाचे पाणी चालते, पण शेवटच्या दोन धुण्यांना आणि चाचणीला डिस्टिल्ड हवे, नाहीतर नळातले क्लोराईडच साका दाखवत राहील. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले की आठवडाभर काळा डाग जात नाही, तेव्हा हातमोजे घाला. पहिल्या वर्षी ही चाचणी आपण जर्नलमध्ये लिहून विसरतो. ती अशी कुठे उपयोगी पडेल असे कोणी सांगितले असते तर मी ती कॉपी केली नसती.

धुतलेली माती लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवली. म्हणजे त्यात किडे-बुरशी काही असेल तर तेही गेले. मग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली.

आता ती चिकटवायची कशी? नेहमीची पद्धत म्हणजे पांढरा डिंक लावून वरून माती भुरभुरवायची. दिसायला उत्तम, पण ओल्या फडक्यापुढे टिकत नाही, कारण साधा पांढरा डिंक पाण्याने पुन्हा मऊ होतो. खळ तर विचारूच नका, झुरळांना मेजवानी. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी, मुलांच्या हाताखाली नको.

आम्ही माती वरून टाकली नाही, रंगातच मिसळली. बाहेरच्या भिंतीला लावतात तो पांढरा अॅक्रिलिक रंग, त्यात चाळलेली माती. श्रीखंडाइतके दाट झाले की पत्र्याच्या पट्टीने पातळ थर ओढायचा. माती किती, ह्याला गणित आहे. मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी भरायला पुरेल एवढा अॅक्रिलिक हवाच. माती त्याहून जास्त झाली की फटी रिकाम्या राहतात, थर सच्छिद्र होतो, आणि बोट फिरवले की भुकटी येते. पेंटवाल्यांच्या शास्त्रात ह्या मर्यादेला नाव आहे. आम्ही सहा इंची तुकड्यांवर वेगवेगळी मिश्रणे लावून वाळवली आणि काळ्या फडक्याने घासली. फडका काळाच राहिला त्यांतले सगळ्यात जास्त मातीचे मिश्रण निवडले. जास्त माती म्हणजे रंग खरा, आणि काळा फडका म्हणजे भुकटी नाही.

वर पाण्यात मिसळणाऱ्या पीयू वॉर्निशचे दोन हात. इथेही निवड आहे. चकचकीत वॉर्निश पुसायला सगळ्यात सोपे, पण जमीन कायम पाऊस पडून गेल्यासारखी दिसते. मॅट वॉर्निशची चमक जाते ती त्यातल्या अतिबारीक पूडीमुळे, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत असतो आणि धूळ थोडी धरतो. जमिनीला आम्ही मधले, सेमी-मॅट घेतले. खाडीला पूर्ण चकचकीत.

भेगांचे काय? खरी भेग पाडली असती तर ती धुळीने बुजली असती. म्हणून भेगा बारीक ब्रशने रंगवल्या, वॉर्निशच्या खाली. दोन फुटांवरून फरक कळत नाही. हात फिरवला तर काहीच लागत नाही. शेतांचेही तसेच. हंगाम आम्ही डिसेंबरचा धरला: भात कापून झालेले, खाचरे पिवळट, रस्त्याकडेला सगळ्यावर तांबूस धुरळा. हिरवेगार भात करायचे तर ब्रशचे केस उभे करावे लागले असते, आणि त्यात धूळ बसली की काढणे अशक्य. डिसेंबरच्या गडबवर दोन दिवसांची धूळ बसली तरी ती देखाव्याचाच भाग वाटते. ह्याला आमच्यातला एकजण लबाडी म्हणतो.

खडी

भारतीय रेल्वेची खडी २० ते ६५ मिलिमीटरची. ८७ ने भागा: ०.२३ ते ०.७५ मिलिमीटर. म्हणजे सॉईल मेकॅनिक्स लॅबमधली ६०० मायक्रॉनची चाळणी जे खाली सोडते आणि ३०० ची जे धरून ठेवते, ते मटेरियल नेमके लागते. क्रशरवरची बेसॉल्टची भुकटी आणली, चाळली, धुतली. रंग देण्याची गरजच नाही, खरी खडी आपल्याकडे त्याच काळ्या दगडाची असते.

पण एक सावधगिरी. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाईट असते, चुंबकाला चिकटणारे. मोटरमध्ये चुंबक असतो. सुटा कण गाडीखाली गेला की मोटर त्याला ओढून घेते आणि मग आतून करकर ऐकू येते. म्हणून चाळलेली भुकटी कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. चुंबकाला आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे पिशवी उलटी केली की चिकटलेले वेगळे निघते. किती निघते ते बघून तुम्ही चकित व्हाल. चार वेळा फिरवून जे उरले ते वापरले.

चिकटवताना आधी पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून फवारा मारायचा. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि डिंक खडीच्या ढिगावर गोळी होऊन बसण्याऐवजी आत झिरपतो. डिंक म्हणून वॉटरप्रूफिंगचे अॅक्रिलिक पॉलिमर, पाणी घालून, ड्रॉपरने. सांध्यांच्या हलत्या जिभांपाशी खडी घालायचीच नाही, तिथे नुसता रंग. आणि डिंक ओला असतानाच रुळांची डोकी पुसून घ्यायची.

खाडी आणि मिठागरे

खाडीला दोन भाग मिसळून ओततात ते इपॉक्सी वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय येते, जाड ओतले तर तापते. आम्ही सोपा मार्ग धरला: ३ मिलिमीटरचा पारदर्शक अॅक्रिलिक पत्रा, खालच्या बाजूने रंगवलेला. कडेला गढूळ तपकिरी, मध्ये गडद हिरवा. रंग खाली असल्यामुळे कितीही पुसा, झिजत नाही. फक्त कोरड्या फडक्याने घासायचे नाही. स्थिरविद्युत तयार होते आणि पत्रा आसपासची धूळ ओढून घेतो. म्हणजे खाडीला ओला फडका नुसता चालतो असे नाही, तोच हवा.

मिठागरांचे चौकोन त्याच पत्र्याचे. मिठाच्या राशींना खरे मीठ वापरू या असे दोघांनी सुचवले. ७५ टक्क्यांचा हिशेब त्यांना पुन्हा सांगितला. राशी प्लास्टरच्या आहेत, वर वॉर्निश.

उभ्या वस्तू

आता मुख्य युक्ती. जमीन गुळगुळीत केली तरी तिच्यावर झाडे, घरे, खांब उभे असले तर फडका फिरणार कसा? म्हणून नियम केला: जमिनीच्या वर जे जे उभे, ते ते उपटता आले पाहिजे.

झाडांसाठी संपलेल्या पेनच्या रिफिली. रिफिलीची नळी इंचभर कापायची, जमिनीत भोक पाडून बसवायची, वरची कड जमिनीशी सपाट. झाडाचे खोड जळालेल्या मोटरच्या तांब्याच्या तारा पिळून केलेले, त्याचे शेपूट नळीत घट्ट बसते. उपटा, पुसा, परत लावा. माडाच्या झावळ्या जुन्या एक्स-रे फिल्मच्या, कात्रीने दोन्ही बाजूंना बारीक कापलेल्या. कागद दुमडला की मोडतो, फिल्म परत उभी राहते. खाडीकाठच्या तिवरांना भांड्यांची हिरवी घासणी पिंजून घेतली. ती मुळातच पाण्यात राहायला केलेली वस्तू, महिन्यातून एकदा नळाखाली धरली की काम झाले. प्रत्येक झाडाला आणि त्याच्या नळीला एकच नंबर, कारण मुले झाडे खिशात घालणार हे आम्ही गृहीत धरले आहे. निदान कुठले गेले ते कळेल.

घरे सनबोर्डची, कौले रंगवलेली, खाली दोन खिळे. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही.

विजेच्या खांबांनी मात्र डोके खाल्ले. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, रोह्यापर्यंत तारा त्याच्या आधीच होत्या. म्हणजे तारांशिवाय आजचा गडब खोटा. पण ६३ मिलिमीटर उंचीवर ताणलेली बारीक तार म्हणजे फडक्यासाठी सापळाच. मग लक्षात आले, की सरळ मार्गावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर चालते. प्रमाणात ते ८३ सेंटिमीटर. आमच्या अख्ख्या लांबीत तीनच खांब! ते पितळी नळीत उभे केले, तार लावली नाही. रेल्वेवेड्या मित्राने ह्यावर आठवडाभर अबोला धरला होता.

पुसायचे कसे

क्रम वरून खाली. झाडे-घरे ट्रेमध्ये काढून ठेवायची, रुंद मऊ ब्रशने डोंगराकडून खाडीकडे धूळ ओढायची, मग पिळलेल्या सुती फडक्याने जमीन. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे अडकतात. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला नायलॉनचा जुना मोजा बांधा, म्हणजे निसटलेला माणूस किंवा बैल मोज्यात सापडतो.

रुळांना पॉलिश पेपर लावू नका. त्याच्या चरे पडतात आणि पुढची घाण त्या चरांतच बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फडका पुरतो, पण तेच अल्कोहोल अॅक्रिलिक रंगाला मऊ करते आणि खाडीच्या पत्र्याला बारीक तडे आणू शकते. म्हणून फडका भिजवून पिळून घ्यायचा, बाटली मॉडेलवर कधी आणायची नाही, आणि हे काम सरांनी करायचे, मुलांनी नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात वॉर्निशचा तिसरा हात दिला आहे तो त्यासाठीच. वेळ लावून बघितला: आमच्यातल्या सगळ्यात आळशी माणसाला सगळे करायला पंचवीस मिनिटे लागली, त्यात झाडे परत लावण्यातच निम्मी गेली.

झाकायला प्लॅस्टिक न घेता जुनी सुती साडी घेतली. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि बुरशी धरते, साडीतून हवा खेळते आणि ती धुता येते.

मॉडेल दोन्ही तुकड्यांत गडबला पोचले आहे, जोडलेले आहे, चालते आहे. माडांची रांग मात्र अजून अर्धीच झाली आहे आणि जमिनीत चाळीस भोके नुसती पाडून ठेवलेली आहेत. तेव्हा परीक्षेच्या दिवसांत संपलेल्या रिफिली फेकू नका. मेसच्या दाराशी हात धुवायच्या जागेजवळ आम्ही एक रिकामा बिस्किटाचा डबा ठेवला आहे, त्यात टाका. जेलच्या नको, त्यांची नळी जाड असते. साध्या बॉलपेनच्या चालतील, शाई पूर्ण संपलेल्या.